काफ्का इंग्रजीतून चालतो, भैरप्पा मराठीतून का चालत नाहीत?

फोंडेकरीण
आमचा एक छोटा वाचनगट आहे. दहा-बारा डोकी, महिन्यातून एक रविवार, चहा आणि कुणाच्या तरी घरची नेवऱ्यांची बशी. गेल्या खेपेला मी सांगितलं, सध्या कन्नड कादंबरीकार भैरप्पांची 'वंशवृक्ष' वाचतेय, उमा कुलकर्णींच्या मराठीत. समोरचे एक गृहस्थ लगेच म्हणाले, "म्हणजे मूळ नाही वाचलंत. मी अनुवादाच्या वाटेला जात नाही. उष्टं खाल्ल्यासारखं वाटतं."

मग त्यांची पाळी आली. त्यांनी काफ्का आणि मार्केझवर पंधरा मिनिटं घेतली. मी विचारलं, जर्मन कुठे शिकलात? आणि स्पॅनिश? तर म्हणाले, "इंग्रजीतून हो! ती गोष्ट वेगळी."

वेगळी कशी ते कुणीतरी मला समजावा. गोव्याच्या सीमेवरचा पोळ्याचा नाका ओलांडला की कन्नड पाट्या सुरू होतात. त्या भाषेतली कादंबरी मराठीत आली तर उष्टी, आणि प्रागमधली जर्मन इंग्रजीत आली की ताजी? उमाताईंचे पती विरूपाक्ष कुलकर्णींनी कन्नड वाचून दाखवायचं आणि उमाताईंनी ऐकून मराठीत उतरवायचं, अशी त्या घरातली रीत. मधे इंग्रजी कुठेच नाही. याच अनुवादाला १९८९ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तरी आमच्या गटात ती दुय्यम.

मडगावचा निवृत्त मास्तर
ते गृहस्थ मी नव्हे, पण त्यांची बाजू थोडी घेतो. इंग्रजीचा तोरा चुकीचाच, त्यावर वाद नाही. पण मराठी अनुवादांना लोक नाक का मुरडतात, हेही बघा. माझ्याकडे एक रशियन कादंबरी आहे, मराठीत. रशियनमधून नव्हे, इंग्रजीतून आणलेली. हे मला चाळीस पानांनंतर कळलं, कारण मुखपृष्ठावर एक अक्षर नाही. त्यात दर दोन पानांनी कुणीतरी 'खांदे उडवतो'. बायकोला वाचून दाखवत होतो, तिने विचारलं, "उडून जातात तरी कुठे?" पुस्तक तिथेच मिटलं.

दुसरी गोष्ट जास्त बोचणारी. कन्नड मराठीतून वाचा, हरकत नाही. पण गोव्यात राहून, घरात सकाळपासून कोकणी बोलून, कोकणी कथा मराठी अनुवादात वाचणारे आपल्यात थोडे नाहीत. कोकणी लेखक रवींद्र केळेकारांना २००६ चं ज्ञानपीठ मिळालं, दामोदर मावजोंना २०२२ चं, आणि दोन्ही वेळा मला पहिला फोन आला तो "मराठीत काय आहे त्यांचं?" असा. लिपी तीच, देवनागरी. शब्द आईच्या तोंडचे. याला आळस म्हणायचं की आणखी काही?

फोंडेकरीण
मास्तर, खांदे उडाले ते अनुवादकाचे. एक मानकुराद आंबट निघाला म्हणून कुणी कलम उपटत नाही.

कोकणीबद्दल मात्र पकडलंत. मी त्यातलीच. शाळा मराठीतून झाली, डोळ्यांना मराठीच्या क्रियापदांची सवय. 'आसलें', 'गेल्लें' छापील दिसलं की वेग निम्म्यावर येतो. ऐकताना काहीच अडत नाही, ही त्यातली गंमत. पण एकदा एकच कथा दोन्हींत वाचली. मुळात माणूस अकरा वाजता पेज आणि किसमूर घेऊन बसतो. मराठीत तो 'भाताची कांजी आणि सुक्या कोळंबीची कोशिंबीर' खातो. अहो, कोशिंबीर! किसमुराचा वास आला तर शेजारचं मांजर दारात येतं, कोशिंबिरीला ते ढुंकूनही बघणार नाही. अनुवादकाच्या डोळ्यांसमोर पुण्याचा वाचक होता. तो त्याच्या जागी बरोबर असेल, पण मग मी कुणाचं ऐकून माझंच जेवण ओळखायचं?

बार्देशकार
'लिपी तीच' हे मास्तरांनी फार पटकन म्हटलं. आमच्या वाड्यावरच्या आंटीला रोमी, म्हणजे रोमन अक्षरांतली कोकणी, वाचता येते, देवनागरी नाही. माझं उलट. भाषा एकच, आणि दोघांनाही एकमेकांची पुस्तकं बंद. मग पावसाळ्यात तिच्या बाल्कांवात, दारापुढच्या ओसरीत, बसतो. मी देवनागरीतली कोकणी कथा मोठ्याने वाचतो, ती मधेच थांबवून म्हणते, "पुता, तें परत वाच." मग ती तिच्या ट्रंकेतले रोमान्स, रोमीतल्या कादंबऱ्या, काढते. तिचे पाय, म्हणजे वडील, बोटीवर गेलेले, तारवटी. ही पातळ पुस्तकं जहाजावर हातोहात फिरायची, पानं तेलकट झालेली. तिचीच मुलं म्हणतात, "मम्मा, ते साहित्य नव्हे." मुलं काय वाचतात? विमानतळावर ढीग लावलेली इंग्रजी पुस्तकं.

आणि लिपीवरून कुणाला कमी लेखायचं असेल, तर फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' आठवा. १६१६ साली गोव्यातल्या रायतुरला छापलं. भाषा मराठी, दहा हजारांवर ओव्या, लिहिणारा इंग्रज, विषय बायबलचा, आणि छापलं रोमी अक्षरांत, कारण देवनागरीचे खिळेच नव्हते. आता यात मूळ कुठलं आणि उष्टं कुठलं ते त्या गृहस्थांना विचारा.

पेडण्याचा पाटो
मी दिवाळी अंक आणि अर्णाळकरांच्या रहस्यकथा वाचतो. तेही न्हाव्याकडे. मला कुठल्या पायरीवर बसवणार?

फोंडेकरीण
पायरीवर कशाला, आत या. नेवऱ्या उरल्यात.

मडगावचा निवृत्त मास्तर
बार्देशकार, आंटीच्या बाल्कांवाने मला गप्प केलं, पण अर्धाच. रोमीचं विसरलो होतो हे खरं.

माझं म्हणणं राहतंच: अनुवाद वाचा, पण कुणी केला आणि कशावरून केला हे आधी बघा. २०२२ चं आंतरराष्ट्रीय बुकर गीतांजली श्री यांना मिळालं, तेव्हा पन्नास हजार पौंडांतले निम्मे डेझी रॉकवेल यांना, अनुवादिकेला. आपल्याकडे अनुवादकाचं नाव कितीदा आतल्या पानावर, किमतीच्या शेजारी. वाचकच विचारत नाही, मग प्रकाशक कशाला छापेल?

आणि कविता यातून वगळा. बाकीबाब बोरकरांनी काही मराठीत लिहिलं, काही कोकणीत. ज्याला दोन्ही कळतात त्याने ते त्या-त्या भाषेतच वाचावं. इथे मी तसूभर हटणार नाही, तुम्ही मला नाकवर, शिष्ट म्हणा.

फोंडेकरीण
बाकीबाबांपुरती नाकवरकी माफ. तशीही मी परवा ती कोकणी कथा पुन्हा काढली, मूळची. अकरा पानांना तास लागला. किसमुरापाशी थांबून भूक लागली, तो वेळ धरून.

मास्तर, ती खांदे उडवणारी कादंबरी टाकून दिली नसेल तर पुढच्या रविवारी आणा. एकूण किती उडाले ते मोजायचे आहेत.