पायलट व्हायचंय, आधी मेडिकल की आधी क्लास?

मंडळी मदत हवीय. मी देवगडचा, बारावी सायन्स झालंय, फिजिक्स-मॅथ्स होतं. कमर्शियल लायसन्सला २०० तास फ्लाइंग आणि क्लास १ मेडिकल लागतं एवढं कळलंय, पण मला दीड नंबरचा चष्मा आहे, मग आधी क्लास २ मेडिकल (क्लास १ च्या आधीची पहिली वैद्यकीय तपासणी) करून घेऊ की नेव्हिगेशन, मेटिओरॉलॉजी (हवामानशास्त्र) या विषयांचे कोचिंग क्लास लावू? बाबा लोनसाठी बागेचा सातबारा काढून बसलेत, आई म्हणते कलमां गहाण ठेवून इमान उडवतलंस काय रे. एक एजंट म्हणतो आधी पैसे भर, मेडिकल नंतर बघू, हे काय पटत नाय मला. चष्मा असून मेडिकल पास झालेलं कोणी आहे का इथे? आणि हे मेडिकल करणारा डॉक्टर गोव्यात, कोल्हापुरात मिळतो की मुंबईच गाठायची?