पवई तलाव: माणसांना काठ किती, पाखरांना किती?

काठावरचा
पवई तलावाच्या सुशोभीकरणाबद्दल दुसऱ्या एका धाग्यावर बरंच अवांतर झालं, म्हणून हा वेगळा काढतोय.

माझं म्हणणं असं. आदि शंकराचार्य मार्गालगतचा काठ माणसांसाठी झकास करा. सावली, बाकं, स्वच्छ शौचालय, व्हीलचेअरला उतार, काहीही कमी पडू देऊ नका. पण आयआयटीकडच्या आणि विहार तलावाकडच्या काठावर बांधकाम नको म्हणजे नको. मगरी तिथे उन्हं खायला बाहेर येतात. मादी काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते, साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. त्या जागी जाळीत दगड भरून भिंत उभी केली की तिला पाण्यातून वर यायला उतारच राहत नाही. तुतवारासारखे हिवाळी पाहुणे पक्षीही उथळ चिखलातच चरतात, भिंतीपाशी त्यांना काही मिळत नाही.

महापालिकेचा सायकल ट्रॅक याच गॅबियन पद्धतीने चालला होता. मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला आणि झालेलं काम काढून जागा पूर्ववत करायला सांगितलं. आता दुसऱ्या नावाने तेच पुन्हा नको.

तुंगागावकर
ट्रॅक नको, इथपर्यंत तुमच्याबरोबर आहे. पुढचं पटत नाही.

टॉवरवाल्यांना तलाव बाल्कनीतून दिसतो. आमच्याकडे दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहतात. संध्याकाळी म्हाताऱ्या माणसाने बसायचं कुठे? तुम्ही आम्हाला देताय तो काठ रस्त्याचा: ट्रक, हॉर्न, धूर. झाडं आणि शांतता सगळी पलीकडे, आणि पलीकडे आम्ही यायचं नाही. ही वाटणी मला मान्य नाही.

दुसरं. ज्या काठावर माणसांचा वावर नाही तिथे राडारोडा पडतो. रात्री टेम्पो रिकामा होतो, पावसात त्यावर रान माजतं, मग तो ढीग तिथलाच वाटायला लागतो. रोज फिरणारी चार माणसं असली तर कोणी तरी हटकतं. बघायला कोणी नसलं की तलाव असाच हळूहळू बुजतो.

पाणकोंबडी
तुम्ही दोघं काठावरून भांडताय आणि तलाव मरतोय पाण्यातून.

१८९१ साली हा तलाव पिण्याच्या पाण्यासाठी बांधला. आज त्याचं पाणी पिण्याजोगं नाही, आरे कॉलनी आणि कारखान्यांना दिलं जातं. नाल्यांतून सांडपाणी येतं, त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर जलपर्णी पोसते. मशिनने उपसा, मागे राहिलेल्या तुकड्यांना नवे फुटवे येतात आणि काही आठवड्यांत पाणी पुन्हा हिरवं. जाड थर बसला की खाली उजेड जात नाही, प्राणवायू घटतो, मासे तडफडतात. वर उपसलेला ढीग काठावरच कुजू दिला तर त्याचं खत परत पाण्यातच उतरतं.

म्हणून बाकं नंतर. आधी प्रत्येक नाल्याचं तोंड अडवून सांडपाणी मलवाहिनीत वळवा. त्याशिवाय सुशोभीकरणाला माझा ठाम विरोध.

चांदिवलीची सुमन
नाले बंद व्हायला किती वर्षं लागतील सांगा. तोवर बाकही नाही? आणि त्या जलपर्णीतले डास आम्ही सोसायचे. एकदा सगळी साफ काढून टाका!

कमळपक्षी
सुमनताई, डेंग्यूचा डास ड्रम-कुंड्यांतल्या साठलेल्या पाण्यात होतो. घाण पाण्यातला क्युलेक्स वेगळा, पण तोही चावतोच, त्रास खरा आहे.

तरी 'एकदा सगळी साफ' याला विरोध. कमळपक्षी बघितलाय का जवळून? बोटं एवढी लांब की तरंगत्या पानांवर वजन पसरतं आणि तो पाण्यावरून चालत गेल्यासारखा जातो. पावसाळ्यात त्याच पानांवर अंडी घालतात आणि ती उबवतो नर. पाणी वाढलं की पानांसकट घरटंही वर उचललं जातं. तिथे मशिन फिरवलं की पट्ट्यावर जलपर्णीबरोबर अंडीही येतात. जून ते सप्टेंबर मशिन बंद ठेवा.

पाणकोंबडी
चार महिने बंद ठेवलं तर ऑक्टोबरमध्ये पाणी दिसणार नाही. शिवाय तलाव भरून वाहतो तेव्हा हीच जलपर्णी मिठी नदीत उतरते. उपसा मे अखेरपर्यंत जोरात करा, पावसाळ्यात फक्त सांडव्याकडचा आणि मधला भाग मोकळा ठेवा, कोपरे सोडा. कोपऱ्यांत हळूहळू कमळ-कुमुदिनी वाढवा. कमळपक्ष्याला जलपर्णीच हवी असं नाही, तरंगतं पान हवं.

कमळपक्षी
कोपरे कोणते ते पक्षी बघणाऱ्यांना विचारून ठरवणार असाल तर मंजूर. ठेकेदार ठरवणार असेल तर नाही. त्याला बिल वजनावर निघत असेल तर तो कोपरा का सोडेल?

काठावरचा
नाल्यांबद्दल दुमत नाही.

तुंगागावकर, धुराचा मुद्दा मनाला लागला. आयआयटीच्या हद्दीबद्दल मी बोलू शकत नाही. पण बाकीच्या शांत काठावर मातीची पायवाट होऊ द्या, पाण्यापासून चांगली आत, मध्ये झाडोरा. दिवे नाहीत, लाउडस्पीकर नाही, अंधार पडायच्या आत बंद. आणि फेब्रुवारी ते जून, पिल्लं बाहेर येईपर्यंत, पूर्ण बंद.

तुंगागावकर
माती चालेल. दिवे नकोत हेही चालेल. पाच महिने कुलूप चालणार नाही, मुलांच्या सुट्ट्या त्यातच येतात. मगर काही सगळ्या काठावर अंडी घालत नाही. वनखात्याने दरवर्षी जागा बघून तेवढा तुकडा दोऱ्या लावून बंद करावा, पाटी लावावी, आमच्यातलीच दोन पोरं राखणीला पगारावर ठेवावी. हे लिहून देत असाल तर सुशोभीकरणावरच्या सभेला मी वस्तीतली माणसं घेऊन येतो.