झाड तोडायचा अर्ज मनपाचा, मंजुरीही मनपाचीच?

धरमपेठकर
राज्याने 2021 मध्ये 1975 च्या वृक्ष कायद्यात दुरुस्ती केली. 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'वारसा वृक्ष'. झाड तोडलं तर त्याचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची, सात वर्षं जगवायची. कायदा चांगलाच आहे. पण आपल्या नागपुरात रस्ता मनपाचा, अर्ज मनपाच्याच खात्याचा आणि मंजुरी देणाऱ्या वृक्ष प्राधिकरणाचे अध्यक्ष मनपा आयुक्त. नाही म्हणणार कोण? मार्च 2022 मध्ये मुदत संपल्यावर तर कित्येक वर्षं नगरसेवकही नव्हते. मे महिन्यात 45 अंशांत सावली जाते ती आपल्या डोक्यावरची. प्राधिकरणावर मनपाबाहेरचा अध्यक्ष हवा.

साईट इंजिनिअर, खामला
भाऊ, बाहेरचा अध्यक्ष आला तरी फाइल तीच राहते. 60 वर्षांच्या एका कडूनिंबापायी 60 झाडं लावायला शहरात जागा कुठं आहे? म्हणून ती गावाबाहेर लागतात. सप्टेंबर 2023 मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्या बुडाल्या, तेव्हा नाल्यांची कामं रखडली म्हणून झाडं वाचवा म्हणणारे हेच लोक ओरडत होते. हरकत घ्यायचा हक्क कायद्यानं दिला आहे, तो वापरा ना.

नंदनवनची ताई
वापरायचा कसा, तेही सांगा. आमच्या गल्लीत चिंचेला खिळा ठोकून एक कागद लावला होता. दोन सरींत शाई उतरली, तारीख वाचता येईना. हरकतीचे दिवस मोजके, ते तसेच गेले. आणि तोडायची परवानगी तरी दरवेळी कुठं लागते? शेजारच्या रस्त्यावर निंबाच्या बुंध्यापर्यंत गट्टू (पेव्हर ब्लॉक) बसवले, वरून सिमेंट ओतलं. मुळांना पाणी नाही, झाड वाळलं, मग 'धोकादायक' म्हणून उतरवलं. त्या निंबाचं वय कोणत्या हिशेबात आलं?

धरमपेठकर
ताई, खरा मुद्दा हाच. झाड मारणाऱ्या कामाला अर्जच लागत नाही. नव्या झाडांची यादीही ठिकाणासकट लोकांसमोर यायला पाहिजे, म्हणजे सातव्या वर्षी कोणीही जाऊन बघेल.

साईट इंजिनिअर, खामला
गट्टूंचं मान्य. बुंध्याभोवती एक मीटर माती मोकळी सोडायची, ही बाब अंदाजपत्रकातच टाकली पाहिजे. बिलात नसलेलं काम ठेकेदार करत नाही, हे मी रोज पाहतो. यादी लावायलाही हरकत नाही. पण अध्यक्ष बाहेरचा आणून उपयोग नाही. त्याच्या हाताखाली माणसं कोणाची राहतील? मनपाचीच.