१५ ऑगस्टला वीरपत्नींना व्यासपीठावर बसवणं थांबवायचं का?

गोदाकाठ

आमच्या नाशिकच्या जेल रोडवरच्या वसाहतीत स्वातंत्र्यदिनाच्या कार्यक्रमाची बैठक झाली. यंदाही दोन वीरपत्नी आणि एका वीरमातेला बोलवायचं, शाल-श्रीफळ द्यायचं आणि एकीला 'दोन शब्द' बोलायला लावायचं असं ठरत होतं. मी विरोध केला, त्यावर बरीच बोलणी बसली. म्हणून इथे मांडते.

अशा कार्यक्रमात ती बाई दोन-दोन तास उन्हात बसते. पाहुणे उशिरा येतात, तोवर फोटो निघतात. मग कुणीतरी माइक पुढे धरून विचारतं, "त्यांचा शेवटचा फोन कधी आला होता?" ती रडते, मांडव हळहळतो आणि कार्यक्रम चांगला झाला असं सगळे म्हणतात. उरलेलं वर्ष ती कोणत्या गल्लीत राहते हेही मंडळाला ठाऊक नसतं. मला याची चीड येते.

नाशिककरांनी तरी असं करू नये. देवळालीत तोफखान्याचं स्कूल आहे, नाशिक रोड कॅम्पात आर्टिलरी सेंटर, गांधीनगरला लष्करी हेलिकॉप्टरचं प्रशिक्षण, ओझरला लढाऊ विमानांचा कारखाना. देशभरातल्या तोफचींचं रेकॉर्ड ऑफिस आपल्या नाशिक रोडला आहे. पंजाबातल्या किंवा केरळातल्या गनरच्या बायकोला नावातली चूक दुरुस्त करून घ्यायची असली तर तिचं पत्र आपल्या पोस्टातून जातं.

माझा प्रस्ताव असा: व्यासपीठ बंद करा आणि त्याच पैशांत महिन्यातून एका रविवारी मंडळाच्या खोलीत टेबल लावा. 'स्पर्श' या फौजी पेन्शनच्या पोर्टलवर हयातीचा दाखला भरून द्यायचा. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या कार्डाचा अर्ज, पीपीओवरचं (पेन्शन मंजुरीच्या आदेशावरचं) नाव आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर त्याची कागदपत्रं, हे सगळं तिथे बघायचं. २०२० मध्ये राज्य सरकारनं माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना एका राहत्या घराची घरपट्टी माफ केली. आमच्याच वसाहतीत एक म्हातारी आजी गेल्या वर्षापर्यंत ती भरत होत्या, कारण अर्ज करावा लागतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या अंगावर आम्ही शाल मात्र दरवर्षी घातली.

तोफखान्यातला, देवळाली कॅम्प

ताई, टेबल जरूर लावा, मी स्वतः येऊन बसेन. पण सत्कार बंद करायला माझा ठाम विरोध आहे.

जवानाला पेन्शन बसायला पंधरा वर्षांची सेवा लागते. शिपाई, नाईक, हवालदार बहुतेक पस्तीस-चाळीसच्या घरात बाहेर पडतात. मुलं शाळेत असतात, घराचा हप्ता चालू असतो. मग सातपूर नाहीतर अंबडच्या एखाद्या कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीची नोकरी. ज्याच्या हुकुमावर अख्खी डिटॅचमेंट तोफ चालवायची, त्याला विशीतला सुपरवायझर "ए वॉचमन" अशी हाक मारतो. मी ती ऐकलेली आहे. अशा माणसाला वर्षातून एका सकाळी सोसायटीनं झेंडावंदनाला बोलावलं, तो छातीवर पदकं लावून उभा राहिला, तर त्याची मुलं बघतात. बायको बघते. गेटवर गाडी अडवल्याबद्दल त्याच्याशी वाद घालणारे शेजारीही बघतात.

सरकारनं १४ जानेवारी हा माजी सैनिक दिन ठेवलाय, कारण १९५३ साली त्या दिवशी जनरल करिअप्पा निवृत्त झाले. पण आपल्याकडे त्याच दिवशी संक्रांत. येवल्यात सगळं गाव गच्चीवर पतंग उडवत असतं, आमच्याकडे कोण बघणार? २८ सप्टेंबरचा तोफखाना दिन कॅम्पाच्या आत होतो. सात डिसेंबरचा ध्वज दिन कार्यालयांत उरकतो. गावासमोर उभं राहायला आम्हाला १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच राहतात. तेवढे ठेवा.

पंचवटीकर

दोघांच्याही मुळाशी एक गृहीतक आहे आणि ते मला मान्य नाही. सैनिकाचाच सत्कार का? भर पावसात खांबावर चढणारा लाइनमन मरतो. मॅनहोलमध्ये उतरणारा सफाई कामगार मरतो, आणि त्याच्या घरच्यांना तर मदतीसाठीही भांडावं लागतं. निफाडचा कांदा उत्पादक कर्जापायी जीव देतो, त्याच्या बायकोला कोण व्यासपीठावर बोलावतं? सैनिकाला पगार आहे, पेन्शन आहे, कॅन्टीन आहे. मला सैनिकांबद्दल आकस नाही, माझा सख्खा मामेभाऊ फौजेत आहे. पण एका पेशाला देव्हाऱ्यात बसवलं की बाकीच्यांचं मरण स्वस्त होतं, आणि हे कुणी बोललं की त्याच्या देशभक्तीवर शंका घेतात. ती घेऊ नका, एवढं आधीच सांगतो.

गंगापूर रोडची वकील

शंका घेत नाही दादा, पण एक फरक तुम्ही सोडलात. लाइनमनला युनियन आहे. तो संप करू शकतो, मोर्चा काढू शकतो, पत्रकाराला बोलावून सांगू शकतो की हातमोजे फाटके दिलेत. सैनिकाला यातलं काहीच करता येत नाही. घटनेच्या कलम ३३ नं संसदेला सैन्यातल्या माणसांचे मूलभूत हक्क मर्यादित करायचा अधिकार दिलाय, आणि १९५० चा आर्मी अ‍ॅक्ट त्यावरच उभा आहे. संघटना करायची नाही, परवानगीशिवाय वर्तमानपत्राला काही कळवायचं नाही. आपण बोलू शकतो, तो गप्प राहायला बांधलेला आहे, म्हणून त्याच्यासाठी बोलायची जबाबदारी आपल्यावर जास्त येते. सफाई कामगाराची बाजू मांडणं त्यानं रद्द होत नाही. मी दोन्हीकडच्या केसेस लढते.

पंचवटीकर

मुद्दा पटण्यासारखा आहे. मग खरंच बोला ना! ऑक्टोबर २०२४ मध्ये इथेच, देवळालीच्या फायरिंग रेंजवर सरावात तोफेचा गोळा फुटला आणि दोन अग्निवीर गेले. दोघंही कोवळी पोरं, परराज्यातली. आपल्या हद्दीत गेली. माझ्या भागातल्या एकाही मंडळानं पुढच्या २६ जानेवारीला त्यांची नावं घेतली नाहीत. सीमेवर गेला तर हार, सरावात गेला तर बातमी. ही प्रतवारी कोणी ठरवली?

तोफखान्यातला, देवळाली कॅम्प

साहेब, इथे मी तुमच्या बाजूनं आहे. दारूगोळा सरावात आणि लढाईत वेगळा नसतो. रेंजवर गेलेला पोरगा आमच्यासाठी आमचाच. अग्निवीराला अठ्ठेचाळीस लाखांचा विमा आहे, कर्तव्यावर मृत्यू आला तर चव्वेचाळीस लाखांचं सानुग्रह अनुदान आहे. रक्कम लहान नाही. पण नेहमीच्या भरतीतल्या जवानाच्या घरी महिन्याच्या महिन्याला येणारी फॅमिली पेन्शन त्याच्या घरी येत नाही. चार वर्षांनी शंभरातले पंचवीसपर्यंत कायम होणार, बाकीचे घरी. पुढच्या काही वर्षांत आपल्या गावोगावी ही पोरं परततील. त्यांना माजी सैनिक म्हणून कोण खुर्ची देणार, हे मंडळांनी आत्ताच ठरवून ठेवावं.

कळवणची सून

बराच वेळ वाचतेय. ज्यांच्याबद्दल चाललंय त्यातली मी एक आहे, म्हणून लिहिते.

गोदाकाठताई, तुमची तळमळ कळते. पण मला व्यासपीठावरून खाली उतरवायचा निर्णय तुम्ही मला न विचारता घेताय, तेही त्या मंडळासारखंच झालं. मला जायचं असतं. आमच्या गावात वर्षातून दोनदा माझ्या नवऱ्याचं नाव वडिलांच्या नावासकट, हुद्द्यासकट माइकवर घेतात. माझ्या मुलाला बाप आठवत नाही, तो गेला तेव्हा हा रांगत होता. त्याला ते नाव गावासमोर ऐकायला मिळतं. शाळेत पोरं त्याला विचारतात, तुझे पप्पा कुठे लढले? तो सांगतो. हे मला टेबलावर मिळणार नाही.

शेवटच्या फोनबद्दल मात्र कुणी विचारू नका, त्यात तुम्ही अगदी बरोबर आहात. एका वर्षी मी खाली बसूनच राहिले, उठले नाही, तेव्हापासून विचारत नाहीत.

माझा राग वेगळ्या ठिकाणी आहे. १५ ऑगस्टला ज्या बायका माझ्या पाया पडतात, त्याच संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला बोलवत नाहीत. वाण लुटायला दारावरून पुढे जातात. २०२२ मध्ये कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, सरकारनंही बाकीच्या गावांना तसं करायला सांगितलं. आमच्याकडे त्यावर चर्चा झाली आणि विषय पुढच्या सभेवर गेला. शौर्यपदकाचा भत्तासुद्धा २०१७ पर्यंत विधवेनं दुसरं लग्न दिराशी केलं तरच चालू राहायचा, बाहेर केलं की बंद. ती अट गेली. पण माणसांच्या मनातली? माझ्या एका मैत्रिणीनं, तीही फौजीचीच विधवा, लग्न करायचं म्हटलं तर लोक म्हणाले, 'वीरपत्नी असून असं?' म्हणजे शाल देऊन तुम्ही आम्हाला बांधूनही ठेवता.

सत्कार ठेवा. पण आमच्याकडून त्याची परतफेड मागू नका, आणि हळदीकुंकवालाही बोलवा.

निफाडचे गुरुजी

ध्वज दिनाचा उल्लेख आला म्हणून थोडं. १९४९ पासून सात डिसेंबरला हा निधी गोळा होतो. जिल्ह्याला इष्टांक येतो, तो वाटत वाटत आमच्यापर्यंत येतो. मुलं दहा-वीस रुपये आणतात, छोटा झेंडा खिशाला लावतात. पैसा जमतो, पण तो युद्धविधवांच्या आणि माजी सैनिकांच्या मुलांच्या शिक्षणाला, वसतिगृहाला लागतो हे मुलांना कुणी सांगत नाही. आम्ही त्या दिवशी गावातल्या निवृत्त फौजींना वर्गात बोलावू लागलो. ते भाषण करत नाहीत, नकाशा घेऊन बसतात. सियाचिन कुठे, द्रास कुठे, रेशन वर कसं जातं, पत्र यायला किती दिवस लागायचे. शाल नाही, श्रीफळ नाही. मुलं तास संपला तरी उठत नाहीत.

गोदाकाठ

कळवणच्या ताई, तुमचं लिहिणं आज मंडळाच्या बैठकीत जसंच्या तसं वाचून दाखवलं. नाव कुठेच नव्हतं, तरी राग आला असेल तर सांगा.

माझा विरोध अजून आहे, पण तो कशाला आहे ते आता नेमकं मांडते. प्रत्येक घरी दोन बायकांनी आधी जाऊन विचारायचं: यायचंय का, बोलायचंय का, फोटो काढलेला चालेल का? नाही म्हटलं तर तिथेच विषय बंद, मंडळानं गळ घालायची नाही. पाहुण्यांची वाट बघायची नाही, आठला म्हणजे आठला झेंडा. तो तोफखान्यातल्या काकांनी फडकवावा असं मी सुचवलं, त्यावर अध्यक्ष नगरसेवकांचं नाव पुढे करतायत. तो वाद चालू आहे आणि मी सोडणार नाही. हळदीकुंकवाचं आमच्या महिला मंडळात मांडलं तेव्हा तिघी गप्प बसल्या, एक उठून गेली. संक्रांतीला अजून अवकाश आहे, पुन्हा मांडेन.

टेबल येत्या रविवारपासून. येताना पीपीओ, डिस्चार्ज बुक, आधार, पॅन, बँकेचं पासबुक आणि त्यांच्या झेरॉक्स आणाव्यात. आधारला जोडलेला मोबाइल सोबत हवा, ओटीपी त्यावरच येतो. मूळ कागद कुणाच्याही हातात ठेवून जाऊ नका, आमच्यासुद्धा.

कळवणची सून

राग नाही. सासूबाईंचं नाव पीपीओवर एक आणि आधारवर दुसरं आहे, माहेरचं. त्यांना घेऊन येते. घाटातून गाडी उशिरा पोचते, दुपारपर्यंत बसाल ना?

तोफखान्यातला, देवळाली कॅम्प

पोरी, तुम्ही येईपर्यंत मी उठत नाही. त्यांच्या लग्नाची नोंद झालेली पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेच्या दप्तरातल्या नोंदीचा आदेश, घरात असेल तर शोधून आण, काम सोपं होईल.

पंचवटीकर

माझ्याकडे स्कॅनर आहे, रविवारी घेऊन येतो. व्यासपीठाच्या वर्गणीत मात्र मला धरू नका. आणि त्या टेबलावर सफाई कामगारांच्या विधवांचे अर्जही घ्यायचे का, हे बैठकीत विचारणार आहे.