न्यूयॉर्कचा सबवे कुणी बुडवला? ५ सेंटच्या तिकिटाने?

जमाखर्च
बेस्टचं किमान भाडं २०१९ मध्ये ५ रुपयांवर आणलं तेव्हा टाळ्या पडल्या, मे २०२५ मध्ये १० केलं तेव्हा बोंबाबोंब झाली. दोन्ही वेळा मला न्यूयॉर्क आठवलं. हा खेळ तिथे ४४ वर्षं चालला होता.

तिथला सबवे, म्हणजे शहराची भुयारी रेल्वे, २७ ऑक्टोबर १९०४ ला सुरू झाला. भाडं ५ सेंट, कितीही लांब जा. १९१३ मध्ये शहराने आयआरटी आणि बीआरटी या दोन खासगी कंपन्यांशी मोठे करार केले. रुळांचं जाळं दुपटीहून वाढलं, पण त्याच करारात हे ५ सेंट ४९ वर्षांसाठी बांधून टाकले. पाठोपाठ पहिलं महायुद्ध. १९१३ ते १९२० या काळात अमेरिकेत किमती दुप्पट झाल्या. कोळसा महाग, पोलाद महाग, पगार वाढले, तिकीट जिथल्या तिथे. बीआरटी १९१८ च्या अखेरीस दिवाळखोरीत गेली, आयआरटी १९३२ मध्ये. १९४० साली शहराने आयआरटी आणि बीआरटीच्या जागी आलेली कंपनी, दोन्ही मिळून ३२.६ कोटी डॉलरला विकत घेतल्या आणि तोटा स्वतःच्या गळ्यात बांधून घेतला. तरी भाडं १९४८ पर्यंत हललं नाही, कारण हात लावणारा महापौर पडणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

सत्तरच्या दशकातले उनाड पोरांनी रंग फासलेले, वाटेत बंद पडणारे डबे सगळ्यांनी फोटोंत पाहिलेत. त्या दुरवस्थेचं मूळ या स्वस्ताईत आहे असं माझं मत. आत्ताच्या मतांसाठी पुढच्या पिढीची देखभाल खाल्ली. पटत नसेल तर सांगा.

क्वीन्सकर
नाही पटलं. जमाखर्चराव, तुम्ही वही फक्त कंपनीची उघडलीत, शहराची नाही.

सबवे बांधला कशासाठी? मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला एकेका अंधाऱ्या खोलीत अख्खी कुटुंबं कोंबलेली होती. ती बाहेर पडावीत, हा मोठा हेतू होता. शहराच्या उत्तरेकडच्या ब्राँक्सची वस्ती १९०० मध्ये २ लाख, १९३० मध्ये साडेबारा लाखांवर. पूर्वेकडचं क्वीन्स १९१० मध्ये पावणेतीन लाख, वीस वर्षांत पावणेअकरा लाख. हमालाला, शिंप्याला तिथून रोज कामावर येणं परवडलं ते एका नाण्यात प्रवास होत होता म्हणून. अंतराप्रमाणे भाडं लावलं असतं तर ही माणसं तिथेच कुजली असती.

आज क्वीन्समध्ये जॅक्सन हाइट्सला उतरून आपण कढीपत्ता आणि कोथिंबीर घेतो, फ्लशिंगला गणपतीच्या देवळात जातो, ती ७ नंबरची लाइन याच १९१३ च्या करारातली. तेव्हाचे फोटो बघा. खांबांवर लोखंडी पूल आणि खाली शेतं! त्या शेतांचे प्लॉट पडले, भाव कुठल्या कुठे गेले. त्यातला वाटा शहराने नीट मागितला असता तर ५ सेंटवर कुणी रडलं नसतं.

जमाखर्च
मागितला असता. मागितला नाही ना? मग खड्डा कुणी भरायचा? हेतू चांगला होता म्हणून वीजबिल माफ होत नाही.

खडूस मोटरमन
कंपन्या बिचाऱ्या होत्या असा सूर लागलाय, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, हे ५ सेंट त्यांच्यावर कुणी लादले नव्हते. १९१३ मध्ये ५ सेंटमध्ये भरपूर नफा होता, आयआरटी भरघोस लाभांश वाटत होती. उद्या कुणी पुढारी भाडं कमी करायला निघाला तर काय, या भीतीपोटी बांधलेला आकडा त्यांना सोयीचाच होता. डाव उलटल्यावर हेच लोक ७ सेंट मागत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९२९ मध्ये हात हलवत परत आले.

दुसरी गोष्ट, १ नोव्हेंबर १९१८. बीआरटीच्या मोटरमननी संप केला. कंपनीने काय करावं? गाड्यांवर माणसं नेमून देणाऱ्या एका कर्मचाऱ्याला नावापुरतं शिकवून गर्दीच्या वेळी थेट गाडी चालवायला बसवलं. ब्रुकलिनमध्ये माल्बोन स्ट्रीटच्या बोगद्याआधी तीव्र वळण होतं, वेगमर्यादा ताशी ६ मैल. हा गडी त्याच्या कितीतरी पट वेगात शिरला. डबे लाकडी, भिंतीवर आपटून फळकुटं झाली. किमान ९३ माणसं गेली. खटले चालले, शिक्षा कुणालाच नाही. कंपनी त्यानंतर दोन महिन्यांत दिवाळखोरीत गेली. याचं खापरही तिकिटावर फोडणार का?

तेव्हाचे महापौर हायलन कंपन्यांच्या हात धुऊन मागे लागले होते हे खरं. ते स्वतः पूर्वी ब्रुकलिनच्या रेल्वेवर इंजिन चालवायचे आणि तिथून त्यांना काढून टाकलं होतं. डूख धरणारा माणूस! पण शहराच्या मालकीची तिसरी यंत्रणा उभी राहिली ती त्यांच्या हट्टामुळे. १९३२ मध्ये आठव्या ॲव्हेन्यूखाली तिची पहिली लाइन सुरू झाली.

अर्धवट पुणेकर
अवांतर: १९५३ मध्ये भाडं १५ सेंट झालं तेव्हा फिरत्या दारातल्या यंत्राला दोन वेगळी नाणी घेता येईनात, म्हणून टोकन आलं. म्हणजे इतकी वर्षं भाडं अर्थशास्त्राने नाही, नाण्याच्या खाचेने ठरवलं. बाकी चालू द्या. आम्ही पीएमपीची वाट बघतोय.

वळणावरची
जमाखर्च, तुमच्या मांडणीत एक भगदाड आहे. स्वस्त तिकीटच रोग असेल तर तिकीट वाढल्यावर रोगी सुधारायला हवा. १९४८ मध्ये ५ चे १० झाले, १९५३ मध्ये १५. त्याच वर्षी नवं ट्रान्झिट प्राधिकरण आलं आणि चालवण्याचा खर्च तिकिटातूनच भागवायचा अशी अट घातली. तुम्हाला हवं तेच केलं की! झालं काय? ताळेबंद जुळवायचा म्हणून देखभाल कापली. खरी घसरण यानंतरची आहे. १९४६ च्या सुमारास वर्षाला २ अब्जांवर प्रवास व्हायचे, सत्तरच्या दशकाअखेरीस तो आकडा निम्म्यावर आला.

आणि तेव्हा पैसा नव्हता असंही नाही. शहरातल्या पूल-रस्त्यांचे सर्वेसर्वा रॉबर्ट मोझेस यांच्या पुलांवर आणि बोगद्यांवर टोलचा पाऊस पडत होता, पण तो पुन्हा पुलांत आणि रस्त्यांतच जिरायचा. सबवेच्या वाट्याला थेंब नाही. १९६८ मध्ये त्यांची संस्था एमटीए या सार्वजनिक वाहतूक संस्थेत विलीन केली तेव्हा कुठे टोलचा पैसा गाड्यांकडे वळला.

मॅनहॅटनच्या पूर्वेकडच्या सेकंड ॲव्हेन्यूची कथा तर ऐकून संताप येतो. १९२९ मध्ये तिथे भुयारी मार्ग आखला. त्या भरवशावर वरचा जुना उन्नत रेल्वेमार्ग १९४२ पर्यंत बंद करून पाडला, १९५५ मध्ये शेजारचा थर्ड ॲव्हेन्यूवरचाही बंद. १९५१ मध्ये लोकांनी ५० कोटी डॉलरचे रोखे मंजूर केले, ते भलतीकडेच खर्च झाले. १९७२ मध्ये कुदळ मारली, १९७५ मध्ये काम बंद. अखेर १ जानेवारी २०१७ ला तीन नवी स्टेशनं उघडली, खर्च सुमारे साडेचार अब्ज डॉलर. मधल्या काळात पूर्वेकडची सगळी गर्दी एकट्या लेक्सिंग्टन लाइनने वाहिली. सकाळी साडेआठला ५९व्या स्ट्रीटला चढून बघा, विरार फास्टची आठवण येईल.

जमाखर्च
मोझेसबद्दल वाद नाही. पण सुधारणा कधी झाली तेही सांगा ना. १९८२ मध्ये एमटीएचे अध्यक्ष रिचर्ड रॅविच यांनी कर्जरोख्यांतून मोठा भांडवली कार्यक्रम आणला. १९८४ पासून ट्रान्झिट प्राधिकरणाचे प्रमुख डेव्हिड गन यांनी नियम केला की साफ केलेला डबा पुन्हा रंगवला गेला तर पुसल्याशिवाय रुळावर सोडायचा नाही. मे १९८९ मध्ये शेवटचा रंगवलेला डबा काढला. याच काळात भाडं १९८० च्या ६० सेंटवरून १९८६ पर्यंत १ डॉलरवर गेलं. रोखे फेडायला उत्पन्न लागतं. प्रवाशाने काहीच द्यायचं नाही आणि सरकारने सगळं द्यायचं, हे ४४ वर्षं करून बघितलेलं आहे.

क्वीन्सकर
'काहीच नाही' असं इथे कुणीही म्हटलेलं नाही. मी म्हणतोय, ज्याचा फायदा झाला त्यानेही द्यावं. ५ जानेवारी २०२५ पासून मॅनहॅटनमध्ये ६०व्या स्ट्रीटच्या दक्षिणेला मोटार आणली की दिवसा ९ डॉलर पडतात आणि त्याच्या जोरावर एमटीए सबवेच्या कामांसाठी कर्ज उभारते. लेक्सिंग्टन लाइनमुळे रस्ता मोकळा मिळतो कुणाला? मोटारवाल्याला! न्यू जर्सीतली आपली मंडळी तेव्हा व्हॉट्सॲपवर काय तळमळत होती!

जमाखर्च
मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मॅनहॅटनला जाणाऱ्या लिंकन टनेलचा टोल आधीच भरतो, त्यावर हे ९ डॉलर, आणि सूट किती तर ३. जर्सीच्या माणसाने न्यूयॉर्कचे सिग्नल का दुरुस्त करायचे?

वळणावरची
मग गाडी घरी ठेवा आणि ट्रेनने या.