केमिस्ट म्हणतो आठ दिवस, डॉक्टर म्हणतात तीन महिने. ट्यूब लावू की नको?

काजबटण_सोलापूर

नमस्कार. इथं पहिल्यांदाच लिहिते. आधी तीनदा लिहून खोडलं. पोरगी झोपलीय, मशीनच्या दिव्यात बसून लिहायलेय, चुका पोटात घाला.

वय ४९. अशोक चौकाच्या पलीकडं राहते, घरीच शाळेचे युनिफॉर्म शिवते, नगावर. पाळी जाऊन दोन वर्षं झाली. खाज मात्र त्याच्याही आधीपासून, सहा वर्षं म्हणा. खाली, तिथं. दिवसा कामाच्या नादात कळत नाही, रात्री पाठ टेकली की सुरू. झोपेत नखं लागून रक्त यायचं, म्हणून नखं इतकी बारीक कापायची की सकाळी पडलेली सुई उचलता येईना.

सहा वर्षांत “इन्फेक्शन आहे” एवढंच ऐकलं. आत ठेवायच्या गोळ्या झाल्या, नवऱ्यालाही गोळ्या झाल्या. शुगर तपासली, नाही निघाली. एका डॉक्टरबाईंनी तर न बघताच औषध लिहून दिलं आणि मलाही सुटल्यासारखं वाटलं, कारण साडी वर करावी लागली नाही. चूक दोघींची. मधल्या काळात मेडिकलमधून ती सगळ्या रोगांवर चालणारी मिक्स क्रीम आपल्या मनानं आणायची. चार दिवस बरं, पाचव्या दिवशी पहिले पाढे.

फेब्रुवारीत लघवीला बसले तर कापल्यासारखी आग झाली. घरी रीळ आणायला जाते म्हणून सांगितलं आणि सिव्हिल गाठलं. दारावर ‘त्वचा व गुप्तरोग’ असा बोर्ड. त्याखाली बसायचं कसं? शेजारच्या डोळ्यांच्या ओपीडीच्या बाकावर बसले आणि नाव पुकारल्यावर उठून आत पळाले.

आतली डॉक्टर माझ्या पोरीएवढी. तिनं सगळं बघितलं आणि माझ्या हातात छोटा आरसा दिला. म्हणाली, “मावशी, तुम्ही पण बघा, मलम कुठं लावायचं ते कळायला हवं.” ४९ वर्षांत पहिल्यांदा बघितलं हो मी. ड्राफ्टिंगचा बटर पेपर चुरगळून परत सरळ केला की दिसतो, तशी कातडी. पांढरी, सुरकुतलेली, मधे एक चीर. आतली पाळ एका बाजूला बाहेरच्या कातडीत मिटूनच गेलेली.

पांढरं बघून पहिला विचार कोडाचा. पोरीचं बघायचं चाललंय, कुणाच्या कानावर गेलं तर? डॉक्टर म्हणाली, कोड नाही, संसर्ग नाही, नवऱ्याकडून आलेलं नाही, अस्वच्छतेनं तर नाहीच. शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच स्वतःच्या कातडीवर उलटलीय. नाव लायकेन स्क्लेरोसस. खात्रीसाठी भूल देऊन बारीकसा तुकडा काढला, एक टाका पडला. टाका कसला घातला ते मी विचारून घेतलं, सवय. थायरॉईडही तपासायला लावलं, हा आजार असणाऱ्या बायकांत ते बरंच सापडतं म्हणे. रिपोर्टमध्ये तेच नाव आलं.

आता अडचण. क्लोबेटासॉलचं मलम दिलंय. महिनाभर रोज रात्री, दुसरा महिना एक दिवसाआड, तिसरा महिना आठवड्यातून दोनदा, पुढं गरजेप्रमाणे चालूच. केमिस्ट काउंटरवरून चार गिऱ्हाइकांपुढं ओरडला, “मावशी, ही कुठं लावायची?” मी म्हटलं पायाला. तर म्हणे कडक स्टेरॉईड आहे, आठ दिवसांच्या वर लावू नका, कातडी पातळ होते. आतला कागदही दोन आठवड्यांच्या वर नको म्हणतो. आधीच बटर पेपर, अजून पातळ करून काय करू? ट्यूब बॉबिनच्या डब्यात लपवलीय, आठ दिवस झाले, झाकण उघडलेलं नाही.

शिवाय एप्रिल ते जून आमचा सीझन, दहा-दहा तास बसणं, वर सोलापूरचं ऊन. आणि नवऱ्याला सांगू कसं? दोन वर्षं दुखतं म्हणून मी टाळते, तो समजतो बायकोला आता नकोसा झालो. कुणी यातून गेलंय का?


कडुनिंब_घरोघरी

ताई, स्टेरॉईडच्या नादी लागू नका, शरीराची वाट लागते. कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्यात रोज वीस मिनिटं बसा, वरून हळद-खोबरेल. महिन्यात मुळापासून जाईल.


बार्शीची_थोरली

कडुनिंबवाल्या ताई, रागावू नका, पण तुमचं सगळं मी करून बसलेय. हळदीनं तीन परकर पिवळे झाले, खाज जागच्या जागी. गरम पाल्याच्या पाण्यानं तर आग आग.

काजबटण, माझं वय ६३, मला हे नऊ वर्षं आहे. तुझ्यासारखीच ट्यूबला भ्याले. दीड वर्ष कपाटात ठेवली. त्या दीड वर्षात जे मिटलं ते आता मलमानं उघडत नाही, कळलं? खाज जाते, भेगा भरतात, पांढरेपणाही बराच कमी होतो, पण मिटलेली पाळ परत येत नाही. कातडी पातळ तो आजार करतो बाई, मलम त्या आजाराला धरून ठेवतं. आज रात्री झाकण उघड.

बाकीचं सांगते. साबण बंद, कुठलाच नको, बाळाचा पण नको. जंतुनाशक टाकलेलं पाणी नको. लघवीला जायच्या आधी बोटभर पेट्रोलियम जेली लावायची म्हणजे चिरेला झोंबत नाही, आणि नंतर तांब्याभर साधं पाणी ओतून टिपून घ्यायचं, पुसायचं नाही. घरात असताना आत काही घालू नको, सुती परकर पुरे. मशीनच्या स्टुलावरचं रेक्झिन काढून टाक, जुनी सोलापुरी चादर चौघडी घालून ठेव, ओली झाली की बदल. तासाभरानं उठायचंच, मग गठ्ठा राहिला तर राहिला.

नवऱ्याचं मी काय सांगू, माझे ऐकून घेणारे होते आणि तरी मला चार वर्षं लागली. रात्री अंथरुणात नको सांगूस एवढंच. तिथं सगळ्याचा वेगळा अर्थ निघतो.


गोळी_औषध_लातूर

मी फार्मासिस्ट आहे. आधी आमच्या धंद्यातर्फे माफी, काउंटरवर असं ओरडून विचारायचं नसतं.

आतला कागद सगळ्या अंगासाठी छापलेला असतो. त्यात दोन आठवडे लिहिलंय, तसंच आठवड्याला ५० ग्रॅमच्या वर नको असंही लिहिलंय. आता तुमचा हिशोब करू, तुम्ही नगावर काम करता म्हणून नगावरच. पहिला महिना २८ वेळा, दुसरा १४, तिसरा ८. झाले ५०. दर वेळी बोटाच्या शेवटच्या पेरावर पिळलेली एक रेघ, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. तीन महिन्यांत मिळून २५ ग्रॅम! कागदातल्या एका आठवड्याच्या मर्यादेच्या निम्मं. १५ ग्रॅमच्या दोन ट्यूब तीन महिने पुरून थोडं उरायला हवं. आधीच संपल्या तर जास्त लावताय असं समजा.

केमिस्ट अगदीच खोटं बोलला नाही. हेच मलम मांडीला किंवा जांघेत महिनोन्‌महिने लागलं तर कातडी खरंच पातळ होते, चट्टे उठतात. म्हणून पांढऱ्या भागावरच, आरशात बघून, आणि नंतर हात धुवायचे. ती मिक्स क्रीम मात्र पुन्हा आणू नका. त्यात स्टेरॉईडबरोबर बुरशीचं आणि जंतूंचं औषध असतं, तुम्हाला त्या दोघांची गरज नाही. चार दिवस बरं वाटायचं ते त्यातल्या स्टेरॉईडनं.

एक गोष्ट भीती घालायला नाही, पण सांगायला हवी. या आजारात पुढं त्या जागी कॅन्सर होण्याची शक्यता थोडी असते, शंभरात पाचांहून कमी, आणि नीट उपचार चालू असले की आणखी कमी. गाठ, जाडसर चट्टा किंवा न भरणारी जखम दिसली तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. एरवी वर्षातून एकदा दाखवत राहा.


चिमणीची_आई

माझ्या मुलीला हेच आहे, वय ७. पाळी गेलेल्या बायकांखालोखाल लहान मुलींनाच होतं म्हणे. शाळेत बाई म्हणायच्या सारखी चुळबुळ करते, उभं करायच्या. सहा महिने आम्ही जंताचं औषध देत होतो. मलमानं तीन आठवड्यांत झोपायला लागली. काजबटणताई, तुम्ही लिहिलंत म्हणून मी लिहिलं.


काजबटण_सोलापूर

पाच आठवड्यांनी येते. सीझन लागलाय, वेळ नाही झाला, रागावू नका.

थोरल्या ताई, त्याच रात्री झाकण उघडलं. पहिले दोन-तीन दिवस जरा झोंबलं. दहाव्या-बाराव्या रात्री मी मधे उठलेच नाही. सकाळी उठले तर पाणी येऊन गेलेलं. आमच्याकडं नळ चार-पाच दिवसांनी येतो, त्यात माझी भांडी भरायची राहिली, सासूबाई दिवसभर बोलल्या. बोलू दे म्हटलं. सहा वर्षांत सलग झोपले नव्हते.

लातूरच्या ताई का दादा, ५० चा हिशोब वहीत लिहून ठेवलाय. कॅलेंडरवर लावल्या रात्रीचा ठिपका देते, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी, म्हणजे कुणाला कळत नाही.

तर ते नवऱ्यालाच कळलं. लाईट गेली होती, आम्ही दोघं गच्चीवर. म्हणाला, “बाथरूममध्ये रात्री काय करलालीस इतका वेळ? आणि दूध रोज येतंय, मग ठिपके कसले?” अंधार होता म्हणून सांगता आलं. आरशापासून सगळं सांगितलं, डोळ्यांच्या ओपीडीच्या बाकाचं पण. ते ऐकून आधी हसला. मग बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “म्हणजे मी नको होतो असं नव्हतं तर.”

मी म्हटलं, नव्हतं.

जवळ यायचं अजून नाही, चीर पूर्ण भरेपर्यंत थांबा असं डॉक्टर म्हणालीय, आणि तो थांबलाय. दुसऱ्या तारखेला स्कूटरवरून सोडायला आला. बोर्डाखाली मात्र बसेना. डोळ्यांच्या बाकावर जाऊन बसला.

काल रात्री पिनोचा, म्हणजे शाळेच्या बिनबाह्यांच्या फ्रॉकचा, शेवटचा डझन काजाला लावत होते, तर भिंतीकडं बघून विचारतो, “कालचा ठिपका राहिला की?”

“आता एक दिवसाआड,” म्हटलं.