रोज तोच भाट्याचा किनारा, रोज तेच फोटो. लेन्स घेऊ का?

गुडघेदुखी
मंडळी, जरा लांबेल, सांभाळून घ्या. पंधरा वर्षं पुण्यात काढून गेल्या वर्षी घरी रत्नागिरीला परत आलोय. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून रोज संध्याकाळी पाचला भाट्याला जातो, झरी विनायकापासून सुरूच्या बनाच्या कडेकडेने खाडीच्या तोंडापर्यंत आणि परत. भाच्याने त्याचा जुना डीएसएलआर दिलाय, सोबत १८-५५ची लेन्स (कॅमेऱ्याबरोबर येते ती साधी, जवळच्या फोटोंची), तो गळ्यात असतो. तर चार महिन्यांत दोनेक हजार फोटो झाले आणि त्यातले अठराशे सूर्यास्त आहेत, खोटं नाही सांगत. बायको म्हणते एकच फोटो दोन हजार वेळा काढलात. माणसं काढली तर काळी ठिक्कर, आकाश पांढरंफटक, आणि समुद्र कायम उजवीकडे कललेला, जणू सगळं पाणी गणपतीपुळ्याकडे निघालंय. पक्षी म्हणजे नुसते ठिपके.
७०-३०० (लांबचं जवळ आणणारी लेन्स) सेकंडहँड मिळतेय, घेऊ का? की जागाच बदलू? रोज आरे-वारेला जाणं जमत नाही, पेट्रोल आणि गुडघे दोन्ही परवडत नाहीत.

कोळंबीभात
लेन्स राहू दे, आधी घरातलं कालनिर्णय काढा.
हसू नका. आमचे आजोबा भरतीची वेळ काढायचे ती तिथीच्या पाऊणपटीने. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती, सकाळी पण आणि संध्याकाळी पण, आणि बाराला ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी साडेपाचच्या आसपास. वद्य पक्षात परत एकपासून मोजायचं. मिनिटावर जाऊ नका, अंदाज आहे, भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते एवढं धरून चाला. शिवाय पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं त्यामुळे पाणी चढतं तसं ओसरतंही सगळ्यात लांब, आणि अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फारसं हलत नाही.
आता तुम्ही रोज पाचला जाता. म्हणजे अष्टमीला तुमच्यासमोर पाणी सुरूच्या दिशेने चढत येणार आणि पौर्णिमेला त्याच ठिकाणी ओल्या वाळूचा लांबच लांब आरसा, आकाश खाली आणि आकाश वर. हा एकच किनारा आहे का सांगा? तिथी न बघता गेलात तर आरसा मिळणं नशिबावर.
एकच सांगतो, ओहोटीला खाडीच्या तोंडाशी फोटोच्या नादात फार आत जाऊ नका. पाणी फिरलं की मागच्या बाजूने भरतं आणि कॅमेऱ्यात डोळा असलेल्या माणसाला ते शेवटी कळतं.

सकाळचा_फक्कड
कोळंबीभात +१, पण माझं म्हणणं वेगळंच आहे, तुम्ही सकाळी का जात नाही? आपला समुद्र पश्चिमेला. संध्याकाळी समुद्राकडे बघून फोटो काढला की सूर्य माणसाच्या पाठीशी, मग तोंड काळं येणार नाहीतर काय. कॅमेरा बिचारा सगळ्याची सरासरी काढतो, आकाश झगझगीत दिसलं की फोटो दाबून काळा करतो. सकाळी ऊन आपल्या पाठीकडून डोंगरावरून येतं, तेव्हा होड्यांचे रंग, रत्नदुर्गाचा डोंगर, माणसांचे चेहरे सगळं नीट उजळलेलं असतं. डोंगरामुळे ऊन वाळूवर जरा उशिरा पोचतं, म्हणजे तुम्हाला चहा पिऊन निघता येईल.
संध्याकाळीच जायचं असेल तर फोटो उजळ-काळा करायचं प्लस-मायनसचं बटण असतं ते प्लस एकवर न्या, आकाश गेलं तर जाऊ दे, माणूस दिसेल. नाहीतर सरळ मायनस करा आणि काळी आकृतीच काढा, पण मग ठरवून काढा. आणि समुद्र कलतो त्यावर उपाय म्हणजे स्क्रीनवर ग्रिड, म्हणजे आडव्या-उभ्या रेघा, चालू करा. मी सुद्धा वर्षभर वाकडा समुद्र काढलाय, आमच्याकडे तो मिऱ्याकडे वाहायचा :)

कुरव
मी उलटं सांगणार. पक्षी हवे असतील तर १८-५५ने काही होणार नाही, उगाच माणसाला खोटी आशा लावू नका. ऑक्टोबरच्या सुमाराला कुरवांचे थवे यायला लागतात ते मार्चपर्यंत असतात, तेव्हा ७०-३०० असेल तर मजा आहे. फक्त थवा उडवायला पोरांना पळवत सोडू नका, लांबून आलेली पाखरं दमून बसलेली असतात. वाळूत बसा, जमल्यास आडवे व्हा (गुडघे!), कॅमेरा त्यांच्या उंचीला आणा, मागे समुद्र येतो आणि फोटो एकदम बदलतो.
पण सेकंडहँड कोकणातलीच असेल तर लेन्स टॉर्च मारून आतून बघा. बुरशी जाळीसारखी दिसते. आपल्याकडच्या पावसात कॅमेरा बॅगेत बंद करून कपाटात ठेवला की गणपतीपर्यंत बुरशी लागलीच समजा, माझी एक चांगली लेन्स अशीच गेली. घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेल, निळे खडे गुलाबी झाले की तव्यावर मंद गरम करून परत निळे करायचे. तवा जुना घ्या, पोळ्यांचा घेतलात तर पुढचं मला विचारू नका.
किनाऱ्यावरून आल्यावर काच कोरड्या फडक्याने पुसायची नाही, मिठाचे कण काचेवर रगडले जातात. आधी ब्लोअरने (हवा मारायचा रबरी फुगा) उडवा, मग किंचित ओलसर मऊ कापड.

मालवणी_मासो
आमच्या हय रापण (किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं) लागली की शहरातली मंडळी मोबाईल काढून उभी. बाबांनू, आधी दोर धरा, मगे फोटो काढा.
मराठीत सांगायचं तर माणसांचे फोटो लांबून झूम करून चोरून काढू नका. दहा मिनिटं दोर ओढलात की कोण कुठला सगळं विचारून होतं, मग कॅमेऱ्याकडे कोणी बघत पण नाही आणि फोटो आपोआप जवळून मिळतो, १८-५५ पुरते. जाळ्यात चार बांगडे आले असतील आणि तोंडं पडलेली असतील तर त्या दिवशी कॅमेरा बॅगेतच ठेवा. आणि जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, लोक जाळी विणत बसतात. माझे सगळ्यात बरे फोटो तेव्हाचे आहेत.

गुडघेदुखी
सगळ्यांचे आभार. लेन्स तूर्त घेतली नाही. काल अमावास्या होती, पाऊणपटीचा हिशोब मनात करत गेलो आणि खरंच हो, पाणी केवढं लांब गेलं होतं! आरसा मिळाला, पण गंमत वेगळीच झाली. खाली बघत चालत होतो तर बारक्या खेकड्यांनी वाळूच्या गोळ्या करून बिळाभोवती नक्षी काढून ठेवलेली, इतकी की पाय ठेवायला जागा नाही. ऊन एकदम तिरकं, प्रत्येक गोळीला स्वतःची सावली. तासभर तिथेच बसलो, सूर्य कधी बुडला ते कळलंच नाही, म्हणजे चार महिन्यांत पहिल्यांदा सूर्यास्ताचा एकही फोटो नाही. आज सकाळी परत गेलो तर मधल्या भरतीने सगळं पुसून परत नवीन काम सुरू. बायकोने तो फोटो डीपीला लावलाय.
आता नवीन प्रश्न. वाकून काढताना कॅमेरा वाळूत टेकवला होता, तेव्हापासून झूमची रिंग फिरवली की करकर वाजते. काय करू?

कुरव
फिरवू नका!! ब्लोअर मारा, रिंग खाली करून हलकेच टिचक्या मारा, तरी वाजली तर दुरुस्तीवाल्याकडे द्या. आणि ती ७०-३०० अजून विकायची आहे का बघून ठेवा.